आमचं देऊळ तुमच्या गेटाच्या आत आहे

प्रति,
विकास आयुक्त, सीप्झ विशेष आर्थिक क्षेत्र, अंधेरी (पूर्व), मुंबई
संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य
आणि मरोळ, कोंडिविटे व आजूबाजूच्या गावठाणांतली आपली माणसं

विषय: कोंडिविट्याचं जुनं चर्च आणि त्याच्याशी नातं सांगणारी कुटुंबं

सप्रेम नमस्कार.

सीप्झमधल्या दागिन्यांच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं नोकरी केली. मोजणी आणि पॅकिंगचं खातं. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी असे. डबा पंधरा मिनिटांत संपवायचा आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत त्या पडक्या चर्चपर्यंत जाऊन यायचं, असा माझा रिवाज होता. बरोबरच्या मुली म्हणायच्या, तुला भीती नाही का वाटत? मी म्हणायचे, माझ्या माहेरच्या घरी जाताना मला कसली भीती? त्यांना ते बोलणं थट्टेचं वाटे, आणि मीही ते कधी उलगडून सांगितलं नाही.

नोकरी सोडली त्या दिवशी संध्याकाळी गळ्यातलं ओळखपत्र जमा केलं. रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं की कार्डाबरोबर देऊळही जमा झालं. आमचं घर तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर. पण इतकी वर्षं मी त्या देवळात जात होते ती कारखान्याची कामगार म्हणून. त्या गावची लेक म्हणून जायची सोय वर्षातून एकदा, मे महिन्यात मिस्सा, म्हणजे चर्चची सामुदायिक प्रार्थना, होते तेव्हाच. यात कोणाचा दोष काढायला हे पत्र लिहीत नाही. सीप्झ हे सीमाशुल्काच्या कुंपणातलं क्षेत्र आहे, सोन्या-हिऱ्यांचं काम चालतं, तिथं येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारच. मला सांगायचंय ते वेगळं आहे. त्या चर्चबद्दल जेव्हा केव्हा बोलणं निघतं, तेव्हा ते 'बेवारस अवशेष' म्हणून निघतं. ते बेवारस नाही. त्याचे वारस गेटाबाहेर राहतात, एवढंच.

मी 'देऊळ' म्हणते आहे याचं काहींना नवल वाटेल. आम्ही ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी, माणसं इथलीच: मुंबईची उपनगरं आज ज्या बेटावर आहेत त्या साष्टीतले शेतकरी, मिठागरवाले, ताडी काढणारे, किनाऱ्यावरचे कोळी. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे ओळखू यावेत म्हणून आमच्या वाडवडिलांनी हे नाव घेतलं. घरात भाषा मराठीच, आमच्या वळणाची. माझी आजी चर्चला देऊळ म्हणायची. मरोळचं ते धाकटं देऊळ आणि कोंडिविट्याचं ते थोरलं देऊळ. थोरल्या देवळाला तेव्हाही छप्पर नव्हतं, पण मान थोरलेपणाचाच. एमआयडीसीच्या रस्त्यानं बस जायची तेव्हा आजी त्या दिशेला तोंड करून कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर बोटं टेकायची. बसमधले लोक बघत, तिकडे तर कारखाने, ही कोणाला नमस्कार करते आहे?

पुरातत्त्व खात्याला इतिहास सांगायची गरज नाही, तरी कागदावर असावा म्हणून थोडक्यात. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी १५७९ साली हे चर्च उभं केलं आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या नावानं वाहिलं. त्याचा सण २४ जूनचा. भोवती कोंडिविटे गाव होतं. १८४० साली गावात साथ आली, माणसं पटापट गेली, उरलेली मरोळला सरकली आणि त्यांच्या मागोमाग देऊळही हललं. मूर्ती आणि नेण्याजोगं सामान मरोळला आलं, भिंती तिथंच राहिल्या. पुढं त्या भागात एमआयडीसी आली, १९७३ साली सीप्झ झालं, आणि रानात उभी असलेली ती दर्शनी भिंत कारखान्यांच्या मध्ये आली.

'फिरंग्यांचं चर्च' हा शब्द मी शंभरदा ऐकला आहे, आपल्या कार्यालयांत बसणाऱ्या एखाद्याच्या मनातही तो असू शकेल, म्हणून त्याला सरळ उत्तर देते. १५७९ पासून १७३७ पर्यंत, म्हणजे १५८ वर्षं, साष्टीवर पोर्तुगीजांची सत्ता होती हे खरं. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. फिरंगी गेले. १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. आता हिशेब करा. १७३७ ते १८४० ही १०३ वर्षं ज्या दगडी इमारतीशी फिरंगी सरकारचा काही संबंध उरला नव्हता, ती कोणी धरून ठेवली? पावसाआधी छपराची कौलं कोणी चाळली, दिव्याला तेल कोणी घातलं, भिंतीला चुना कोणी फासला? ज्यांना गलबतात बसून जायचं होतं ते कधीच गेले होते. मागं राहिले ते कोंडिविट्याचे शेतकरी, ज्यांना जायला दुसरं गावच नव्हतं. पोर्तुगीज आमदानीत धर्मांतरं कशी झाली, किती राजीखुशीनं आणि किती दडपणानं, यावर वाद खुशाल व्हावा, आमच्याच घरांत तो होतो. पण त्या वादाचा निकाल काहीही लागला तरी १०३ वर्षांची झाडलोट पुसली जात नाही.

आणि आमच्या गावकऱ्यांनी पाथरवटाचं, गवंड्याचं काम केलं ते वेगळंच. लिस्बनहून आराखडा येत असेल, काळा दगड साष्टीतल्याच डोंगरांचा असतो.

आता घराण्यांविषयी, कारण या पत्राचा जीव तिथं आहे.

त्या काळी अशा चर्चांमध्ये माणसं चर्चच्या जमिनीतच पुरायची पद्धत होती, आत फरशीखाली आणि बाहेर आवारात. म्हणजे जिथं आज गवत उगवतं ती जमीन रिकामी नाही. माझ्या घरच्यांपैकी नेमकं कोण कुठं आहे ते मला ठाऊक नाही. साथीच्या दिवसांत घाईघाईनं पुरलेल्यांच्या डोक्याशी दगड कोण लावणार? पण आमच्या घरी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, मरोळच्या कबरस्तानात सगळ्या मेणबत्त्या लावून झाल्या की एक मेणबत्ती आजी हातात धरून घरी आणायची आणि मागच्या ओटीवर लावायची, कोंडिविट्याकडे तोंड करून. 'तिकडच्यांची' म्हणायची. नावं तिलाही ठाऊक नव्हती. आता ती मी लावते. चौथ्या मजल्याच्या खिडकीत लावते, कारण ओटी पाडून तिथं इमारत झाली.

नावं मिळण्याची एकच जागा असते, चर्चची जुनी वहीखाती. बाप्तिस्म्याची, लग्नाची, मयताची. पोर्तुगीजांच्या रीतीनं लिहिलेल्या नोंदीत मूल कोणाचं, आईबाप कोणत्या गावचे, धर्मपिता-धर्ममाता कोण, हे सारं येतं. आमची आडनावं या धर्मपित्यांकडून किंवा पाद्र्याकडून आलेली. डिसोझा, परेरा, रॉड्रिग्ज, मिरांडा. म्हणूनच एका आळीत चार परेरा असतात आणि चौघांचं एकमेकांशी रक्ताचं काही नसतं. आडनावावरून आमचं कूळ लागत नाही, ते त्या नोंदींवरून आणि म्हाताऱ्यांच्या तोंडून लागतं. म्हातारी माणसं जात चालली आहेत. कागद दमट हवेत किती टिकतो ते पुरातत्त्व खात्याला मी सांगायला नको. साष्टीच्या जुन्या चर्चांच्या ज्या वह्या आज धर्मप्रांताकडे आणि चर्चांकडे उरल्या असतील, त्यांचं छायाचित्रण खात्यानं आणि धर्मप्रांतानं मिळून करावं आणि त्यातली नावं देवनागरीत उतरवून आमच्यापुढं ठेवावीत, ही माझी पहिली मागणी. लोक भिंतीची मागणी आधी करतात. मी वह्यांची करते, कारण भिंत निदान पुढच्या पावसापर्यंत थांबेल.

तरी भिंतीचंही ऐका. आमच्या आळीत एक म्हातारा गवंडी होता, जुन्या घरांची कामं करायचा. त्याचं म्हणणं असं की सिमेंट लावलं की जुनी भिंत आतून मरते. पुढं वाचल्यावर कळलं की म्हातारा अगदी शास्त्रातलं बोलत होता. जुनं बांधकाम चुन्याचं. चुना ओल घेतो आणि सोडतो, भिंत थोडी हलली तर तोही थोडा हलतो. सिमेंट ओल आत कोंडतं, क्षार दगडातून फुटून बाहेर येतात आणि सिमेंट जागच्या जागी राहून दगडच झिजतो. कोणी चांगल्या मनानं, देणगी गोळा करून, त्या भिंतीच्या फटी सिमेंटनं भरू नयेत. साहेब असोत की आमचेच तरुण. पिंपळाचंही तसंच. भिंतीतलं रोप दिसलं की उपटायचा मोह होतो. पण जाडजूड मूळ कधीकधी दोन दगड फोडतं आणि तेच दोन दगड धरूनही ठेवतं. ते आधी मारावं लागतं, मग थोडं थोडं काढत पोकळी चुन्यानं भरावी लागते. भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत शिरू नये म्हणून माथा चुन्यानं बंद करावा लागतो. यातलं एकही काम कोट्यवधींचं नाही. मात्र ते दरवर्षी मे संपायच्या आत कोणीतरी बघायला हवं, आणि तो 'कोणीतरी' कोण हे एकदा कागदावर ठरायला हवं. जमीन एमआयडीसीची, कुंपण सीप्झचं, इतिहास पुरातत्त्व खात्याचा, प्रार्थना चर्चची, शहराची वारसा यादी महापालिकेची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर पाच घरं. तसं व्हायला नको.

इथं आयुक्तांच्या मनातली शंका मीच बोलून दाखवते. स्मारक म्हटलं की आजूबाजूची बांधकामं अडकतात. केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट, हा २०१० च्या दुरुस्तीपासूनचा कायदा आहे. जवळच महाकालीची, म्हणजे कोंडिविट्याची, बौद्ध लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, त्यामुळे या परिसराला हा नियम काही नवा नाही. दाटीवाटीनं कारखाने असलेल्या जागेत असा नियम आणला तर किती युनिटं, किती कामगार अडचणीत येतील, हे नऊ वर्षं तिथं मजुरी केलेल्या बाईला कळतं. माझ्या मैत्रिणी अजून तिथं आहेत. त्यांच्या पोटावर पाय देऊन मला देऊळ नको. पण केंद्राचं संरक्षण हा एकच रस्ता नाही. राज्याचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तिच्यात इमारतींच्या श्रेण्या आहेत आणि मालकी जिथल्या तिथं ठेवून काय करायचं, काय नाही, हे ठरवता येतं. यातला कोणता दर्जा या चर्चला योग्य, हे तिन्ही-चारी खात्यांनी एका टेबलावर बसून ठरवावं, आणि जे ठरेल ते मराठीत लिहून चर्चजवळ पाटीवर लावावं. आज कामगार तिथून जातात आणि एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगतात.

भुतांचं निघालंच आहे तर सांगते. मोबाइलवर 'मुंबईतल्या झपाटलेल्या जागा' म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांत आमचं देऊळ हटकून असतं. रात्रीचा आवाज, पांढरी सावली, सगळं साग्रसंगीत. माझ्या मुलानं एकदा दाखवला. मी म्हटलं, बाबा, ती सावली खरीच असली तर आपलीच खापरपणजी असणार, आणि तिला विचार, जेवलीस का. हसण्यावारी नेलं खरं, पण मनात सल राहिला. ज्यांना साथीनं नेलं, ज्यांच्यावर नीट रडायलाही कोणी उरलं नाही, त्यांची दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी करमणूक झाली.

माझी दुसरी मागणी गेटाची आहे. मे महिन्यातली मिस्सा आहे, ती राहू द्या. मूळ सण २४ जूनचा, पण तेव्हा पाऊस लागलेला असतो आणि छपराविना देवळाला मेच बरा. त्यात दोन नोव्हेंबरची संध्याकाळ घाला. दोन तास पुरेत. आणि ज्या कुटुंबांचं नातं त्या गावाशी आहे त्यांना, घरात लग्न किंवा मयत झालं तर, आधी नाव कळवून चार-पाच माणसांनी जाऊन यायची सोय करा. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. कोणी म्हणेल, पाण्याचा आणि देवळाचा काय संबंध? संबंध असा की शुभकार्याआधी जुन्यांना सांगून यायचं असतं. वर्षाला असे किती प्रसंग येतील? तुमच्याकडे रोज येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या, दुरुस्तीवाल्यांच्या, कुरिअरवाल्यांच्या पासांमध्ये ते दिसणारसुद्धा नाहीत. झडती घ्या, मोबाइल ठेवून घ्या, बरोबर माणूस द्या. आमची हरकत नाही. फक्त लग्नाआधीचे फोटो काढायला ती जागा भाड्यानं किंवा ओळखीनं कोणालाही देऊ नका. कितीही सुंदर दिसत असली तरी ती स्मशानभूमी आहे.

आता आपल्या माणसांशी दोन शब्द, सगळ्यांसमोर. आपल्यात काहींना वाटतं, छप्पर घालावं, फरशी बसवावी, दर रविवारी मिस्सा सुरू करावी. माझं मत उलटं आहे आणि त्यासाठी मी शिव्या खायला तयार आहे. छप्पर घातलं की खांब आले, खांब आले की पाया खणणं आलं, आणि खणायचं कुठं? त्यांच्या अंगावर? पडक्या भिंती पडक्याच पण सुरक्षित राहू द्या. नवं देऊळ आपल्याला १८४० नंतर मिळालं आहे, आपण त्याचंच ऋण अजून पुरतं फेडलेलं नाही.

दुसरं. सरकारकडे मागताना आपल्या पेट्याही उघडूया. विहार तलावासाठी १८६० मध्ये जमिनी पाण्याखाली गेल्या, मग विमानतळ आला, आरेची दुधाची वसाहत आली, एमआयडीसी आली. प्रत्येक वेळी आपण घर हलवलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी वाटेत टाकलं. आजीचं लाल लुगडं आपण पार्टीत 'पारंपरिक वेश' म्हणून नेसतो, पण ते कोणत्या आजीचं हे लिहून ठेवत नाही. बॉटल मसाल्याचं प्रमाण सांगायचं नाही म्हणून दोन जावा अबोला धरतात, इतकं आपण घराण्याचं जपतो. मग घराण्याची नावं का जपू नयेत? आगेऱ्याला, आपल्या सुगीच्या सणाला, नव्या भाताची कणसं घेऊन देवळात येता, यंदा येताना बरोबर एक कागदही आणा: आपलं मूळ गाव, आठवतील तितक्या पिढ्यांची नावं, जुना फोटो असल्यास त्याची प्रत. शेती उरलेली नाही, कणसंसुद्धा आपण विकतच आणतो. नावं विकत मिळायची नाहीत. खात्याकडे वह्यांची मागणी करताना हे कागद आपल्या हातात असले, तर समोरच्यालाही कळेल की वारस आहेत आणि त्यांना मोजता येतं.

भाऊबंदकी आडवी येईल, मला माहीत आहे. कोणाचं घर पाटलाचं, कोणाचं नाही, कोण आधी मरोळला आलं, कोण मागाहून. ते वाद घाला, पण कागदावर घाला.

आयुक्त साहेब, ऑक्टोबर २०२४ पासून आरेहून सुटणारी भुयारी मेट्रो सीप्झला थांबते. परवा त्या गाडीत बसले होते. 'पुढील स्थानक सीप्झ' ऐकलं आणि सवयीनं हात कपाळाकडे गेला. भुयारात दिशा कळत नाही, मग अंदाजानं एका बाजूला तोंड केलं. समोरची मुलगी बघत होती.

येत्या मे महिन्यात मी मिस्सेला येईनच. त्याआधी दोन नोव्हेंबरला यायचा विचार आहे. रीतसर अर्ज करीन, आधार कार्डाची प्रत जोडीन, मेणबत्ती आणि काडेपेटी गेटावर दाखवीन. माझ्या आठवणीप्रमाणे पाहुण्यांच्या पासावर एक रकाना असायचा, 'कोणास भेटावयाचे आहे'. तो रिकामा ठेवला तर पास मिळत नसे. तिथं मी काय लिहावं, तेवढं कृपा करून कळवावं.

आपली नम्र,
मरोळ गावठाणातली एक लेक